एचओ लेआउटवर हाताने बांधलेले गुऱ्हाळ : दाराशी साइडिंग असावी की गाडीवाट?

करवीरकर (धागा सुरू करताना)

नमस्कार मंडळी,

आमच्या माडीवर आठ बाय चार फुटांच्या प्लायवर गेली चार वर्षे माझा एचओ लेआउट, म्हणजे लघुरेल्वेचा देखावा, उभा राहतो आहे. प्रमाण १:८७, दोन रुळांतले अंतर १६.५ मिमी. विषय आपलाच, कोल्हापूर–मिरज मार्ग. काळ १९७१ साली मीटर गेज जाऊन ब्रॉडगेज आल्यानंतरच्या पाच-सात वर्षांचा, जेव्हा देशात वाफेची इंजिने रोज धावत होती आणि मालधक्क्यांवर चारचाकी बंद वाघिणी लागत होत्या. ब्रॉडगेजचे १६७६ मिमी या प्रमाणात १९ मिमीहून थोडे अधिक भरतात, त्यामुळे १६.५ मिमीचा रूळ जाणकाराच्या डोळ्याला अरुंद दिसतो. पण तयार इंजिने आणि डबे त्याच मापाचे मिळतात, म्हणून ही तडजोड मी पत्करली आहे.

लेआउटवर शेतीशी जोडलेला एखादा उद्योग हवा, असे सुरुवातीपासून मनात होते. बाजारातले तयार संच धान्याच्या उंच कोठ्यांचे किंवा परदेशी धाटणीच्या गोठ्यांचे असतात आणि या मार्गावरच्या वळिवडे-रुकडीच्या रानात ते परकेच दिसतील. आपल्याकडे उद्योग एकच, गुऱ्हाळ, आणि त्याचा संच कुठे मिळत नाही. म्हणून गेल्या हंगामात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मालकांच्या परवानगीने टेप घेऊन दोन दिवस बसलो, मापे उतरवून घेतली आणि सगळे हाताने करायला घेतले.

काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, सुरुवात केली, कारण गुऱ्हाळाचा जीव तीच. मी मोजलेली काहील साडेआठ फूट व्यासाची आणि दीड फूट खोल होती, म्हणजे एचओमध्ये ३० मिमी आणि ५ मिमीच्या किंचित वर. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचे टोपण जवळजवळ नेमक्या याच व्यासाचे असते. टोपण साडेपाच मिमी उंचीवर कापले, कडेच्या रेघा पॉलिश पेपरने घासून काढल्या, बाहेरून काजळी धरलेला काळा आणि आतून घासलेल्या लोखंडाचा रंग दिला. आतला रस उतरायला आलेला दाखवायचा होता, म्हणून मधासारखा रंग कालवलेल्या फेविकॉलवर खसखस पसरली. खसखशीचा दाणा मिलिमीटरभराचा, म्हणजे खऱ्या काहिलीत तीन-साडेतीन इंचांचा बुडबुडा झाला. पाक घट्ट होताना तसेच मोठे, जड बुडबुडे येऊन फुटतात.

छप्पर पत्र्याचे केले आहे. पत्र्याच्या दोन पन्हळींत साधारण तीन इंचांचे अंतर असते, ते या प्रमाणात ०.८८ मिमी होते. पाच मिमीच्या आटे पाडलेल्या सळईच्या आट्यांत ०.८ मिमी अंतर असते. रबराच्या मऊ पाटावर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा कागद ठेवून त्यावरून ही सळई दाबून लाटली की पन्हळी उमटतात. आटे तिरके असल्यामुळे त्या सुमारे तीन अंश कलतात, म्हणून पत्रा कागदाच्या कडेला धरून न कापता उमटलेल्या रेघेला धरून कापावा लागतो. आठ फुटी पत्रा म्हणजे २८ मिमीची पट्टी. असे ४४ पत्रे एकावर एक किंचित चढवून बसवले.

काहिलीखालची मोठी चूल, म्हणजे चुलवाण, जमिनीत असते, त्यामुळे त्या जागी थर्माकोलचा थर खोदून जाळ घालणाऱ्याला उतरायचा खड्डा केला. इथे माझ्याकडून एक मोठी चूक झाली. भिंतीचा विटकरी रंग स्प्रेच्या डब्याने मारला आणि त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळून खड्ड्याची अख्खी बाजू ढासळली. दोन आठवड्यांचे काम वाया गेले. आता थर्माकोलवर आधी पांढऱ्या मातीचा पातळ लेप देतो आणि रंग ब्रशनेच लावतो. चुलवाणाच्या तोंडात दिवाळीच्या इलेक्ट्रिक पणतीतला लुकलुकणारा दिवा बसवला आहे, तो तीन व्होल्टवर चालतो आणि खोलीतले दिवे मालवले की जाळ खरोखर हलल्यासारखा वाटतो.

आता मूळ प्रश्न. चार वर्षांपूर्वी आखणी केली तेव्हा लेआउटच्या छापील नकाशांच्या सवयीने मी गुऱ्हाळाच्या दाराशी एक साइडिंग, म्हणजे वाघिणी उभ्या करायची बाजूची लाइन, टाकून ठेवली होती. आता शेड तिथे ठेवली की काहीतरी खटकते, आणि काय खटकते ते नीट सांगता येत नाही. सोबत छायाचित्र जोडले आहे, आपली मते कळवावीत.

शिरोळकर

आपले काम पाहून फार आनंद झाला. माझे बालपण गुऱ्हाळावर गेले आहे. आमच्या घरचे गुऱ्हाळ वीस वर्षांपूर्वी बंद झाले, पण चिपाडांच्या धुराचा वास आजही ओळखू येतो. आपल्याला काय खटकते, ते हिशेबानेच सांगतो.

एका आदणाला, म्हणजे काहिलीत एका वेळी उकळायच्या घाण्याला, हजार लिटरच्या आसपास रस धरला, तर त्याला दीड-पावणेदोन टन ऊस लागतो. शंभर किलो उसामागे दहा ते बारा किलो गूळ पडतो, म्हणजे एका आदणाचे तीस किलोचे सहा रवे (गुळाच्या ढेपा). दिवसभरात चार आदणे निघाली तर चोवीस रवे झाले. आपल्या काळातली चारचाकी ब्रॉडगेज वाघीण सुमारे बावीस टन माल घेई, म्हणजे सातशे तीसच्या वर रवे. एकच वाघीण भरायला एका गुऱ्हाळाला महिनाभर अखंड चुलवाण पेटते ठेवावे लागेल, आणि महिनाभर दाराशी उभ्या राहणाऱ्या वाघिणीसाठी रेल्वे कुणाला साइडिंग देणार नाही. याउलट दिवसाचे चोवीस रवे एका बैलगाडीत व्यवस्थित मावतात. गुऱ्हाळाचे माप बैलगाडीचे आहे, वाघिणीचे नाही. आपल्या डोळ्याला तेच खटकत आहे.

बांधणीबाबत दोन सूचना. छायाचित्रात आपले धुराडे जाळ घालायच्या तोंडाच्या शेजारी दिसते. धुराडे समोरच्या टोकाला हवे, म्हणजे जाळ काहिलीच्या बुडाखालून पूर्ण ओढला जातो. तोंडाशी धुराडे असेल तर अर्धी काहील थंड राहील. दुसरे, काहिलीशेजारी वाफा दिसत नाही. पाक उतरवून ओततात तो उथळ चौकोनी वाफा काहिलीला लागूनच असतो, कारण एवढी तापलेली काहील साखळी-कप्पीने उचलून लांब नेता येत नाही. गूळ करणारा गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी पाहतो आणि गोळी जमली की क्षणाचाही उशीर चालत नाही. वाफा चार पावले दूर असता तर प्रत्येक आदण करपले असते.

मालगाडीप्रेमी

शिरोळकरांचा हिशेब मान्य आहे, तरीही मी साइडिंगच्या बाजूने बोलणार आहे. आठ बाय चारचा प्लाय हा खऱ्या जगाचा नकाशा नव्हे. त्यावर गाडी नुसती गोल फिरत राहिली तर महिन्याभरात मालकाचा उत्साह ओसरतो, हे मी तीन-चार लेआउटवर पाहिले आहे. वाघीण कुठेतरी लावायची आहे, कुठून तरी काढायची आहे, सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा) बदलायचा आहे, इंजिन मागून लावावे की पुढून याचा विचार करायचा आहे, यातच खेळाची गोडी आहे. गुऱ्हाळाचे रेल्वेशी काही नाते नसेल तर ते देखाव्यातले एक सुंदर घर होईल, उद्योग होणार नाही. वाटल्यास पाच-सहा गुऱ्हाळांचा गूळ तिथे जमा होतो, असे गृहीत धरावे.

मिरजकर

मालगाडीप्रेमींनी सुचवलेली जागा आपल्या मार्गावर खरोखरच आहे, फक्त ती गुऱ्हाळाच्या दारात नाही. कोल्हापूर संस्थानाची रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनालगत शाहूपुरीची गूळपेठ वसवली. म्हणजे रेल्वे गुऱ्हाळापर्यंत गेली नाही, बाजारपेठ रेल्वेपाशी आली आणि गुऱ्हाळे उसातच राहिली. पुढे तर कोल्हापूर आणि वळिवडे यांच्यामध्ये गूळ मार्केट याच नावाचे स्थानक झाले. एखाद्या स्थानकाला तिथे चढणाऱ्या मालाचे नाव असणे किती दुर्मीळ, आणि ते आपल्या मार्गावर आहे.

म्हणून माझी सूचना अशी की साइडिंग काढून न टाकता तिची जागा बदलावी. स्टेशनाशेजारी मालधक्का, त्यामागे अडत्यांच्या गोदामांचे नुसते दर्शनी भाग, आणि तिथे दोन-तीन वाघिणींची जागा. सौदा झाला की रवे बारदानात शिवून धक्क्यावर येतात, हमाल वाघीण भरतात, आणि वाघिणी गुजरातेकडे जातात, कारण कोल्हापुरी गुळाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक तिकडचे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांपासून रोज रिकाम्या वाघिणी आणायच्या आणि भरलेल्या न्यायच्या, एवढ्यावर रोज तासभर रंगणारे काम निघते.

करवीरकर

शिरोळकर, आपला हिशेब वाचला आणि त्याच रात्री गुऱ्हाळाच्या दारातला सांधा सोडवून काढला. चार वर्षे डोळ्यांसमोर असलेली गोष्ट आपण दहा ओळींत समजावून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. धुराडेही हलवले आहे. पंचवीस फुटांचे धरून ते ८८ मिमी उंच केले आणि वरच्या तोंडाशी काजळी जरा जास्त लावली.

मालगाडीप्रेमींची चिंता मला पटते, तिला मी बगल देणार नाही. अडचण अशी की आठ फुटांचा प्लाय म्हणजे खऱ्या मापात जेमतेम २१२ मीटर. एवढ्या अंतरात मालधक्का आणि गुऱ्हाळ दोन्ही बसवले तर दोन्ही एकाच आवारात असल्यासारखी दिसतील आणि मिरजकरांनी सांगितलेले ते अंतरच, ज्यात सगळा अर्थ आहे, नाहीसे होईल. ते अंतर डोळ्याला कसे भासवावे, यावर मी चार दिवस विचार करतो आहे. सध्या मनात आहे ते असे. मधे उसाचा फड उभा करायचा. दहा-बारा फुटी ऊस एचओमध्ये ३५ ते ४२ मिमी होतो, म्हणजे डब्याच्या खिडक्यांच्याही वर जातो. गुऱ्हाळाकडून पाहणाऱ्याला रूळ दिसू नये, फक्त उसावरून जाणारे डब्यांचे छत आणि इंजिनाचा धूर दिसावा. गाडीवाट फडातून वळण घेत फाटकापर्यंत जाईल आणि पलीकडे मालधक्क्यावर निघेल.

ऊस मात्र मला जमत नाही. आतापर्यंत तीन प्रकार करून पाहिले, तिन्ही वेळा गवतच वाटले.

कागदी कारागीर

उसाबद्दल थोडे सांगू शकेन, कारण मी कार्डबोर्डच्या लेआउटवर दोन फड केले आहेत. फड आतून भरीव करायची गरज नाही. भांडी घासायचा हिरवा स्क्रबर ३० मिमी उंचीत उभा चिकटवून फडाचा गाभा करावा आणि सुटा ऊस फक्त बाहेरच्या दोन ओळींत लावावा. सरी साधारण तीन फुटांची धरली तर दोन ओळींत साडेदहा मिमी अंतर येते. खराट्याच्या बारीक काड्या हे उसाचे खोड. पानांसाठी पातळ कागदाला दोन्ही बाजूंनी हिरवा रंग देऊन एक मिमीहूनही अरुंद पट्ट्या कापाव्यात आणि त्या नखावर ओढून वाकवाव्यात. गवत आणि ऊस यांत फरक पडतो तो या वाकण्यामुळे. उसाचे पान वर जाते आणि मग मधूनच मोडल्यासारखे खाली झुकते. बुडाची तीन-चार पाने वाळलेल्या पाचटाच्या रंगाची ठेवायला विसरू नये. पूर्ण हिरवा ऊस शेतात कधी दिसत नाही.

कोल्हापूरच्या पावसाबद्दलही सांगतो. जून ते सप्टेंबर इथली हवा एवढी ओली असते की माउंटबोर्डच्या भिंती फुगून वाकतात. मी कापण्याआधीच दोन्ही बाजूंना चपडा पॉलिशचा हात देतो. एकाच बाजूला दिला तर पुठ्ठा आणखी वाकतो. आणि आपल्या काहिलीतल्या खसखशीवर वॉर्निशचा थर द्यावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिला कीड लागेल.

शिरोळकर

ऊस ठरला की ऋतूही ठरवावा लागेल, आणि मग सगळ्या गोष्टी त्या ऋतूशी जुळवाव्या लागतील. गुऱ्हाळ दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. डिसेंबर धरला तर उसाला तुरे आलेले असतील. राखाडी-जांभळट रंगाचे ते तुरे सकाळच्या उन्हात चांदीसारखे चमकतात. ते सगळ्या फडावर न दाखवता एखाद्या कडेलाच दाखवावेत. घरातल्या फुलझाडूच्या अगदी टोकाचे केस कापून लावले तर हुबेहूब दिसतील. एका बाजूचा फड तुटलेला असावा, जमिनीवर पाचट आणि खोडव्याची बुडे दिसावीत, कारण रस काढणाऱ्या चरकाकडे ऊस आला आहे तो कुठून तरी तोडूनच आला आहे.

माझी सर्वांत कळकळीची विनंती चिपाडांसाठी आहे. गुऱ्हाळ म्हटले की लोक शेड बांधतात आणि थांबतात. खरे तर शेडीच्या दोन-तीन पट जागा चिपाडे वाळवायला लागते. चरकातून निघालेले चिपाड ओले, हिरवट असते, ते चार-पाच दिवस उन्हात पसरावे लागते आणि वाळले की जवळजवळ पांढरे पडते. त्याच चिपाडांवर चुलवाण चालते, सरपण वेगळे आणावे लागत नाही. आमच्याकडे आई आणि काकू सकाळी चिपाडे पालथी करायला जात आणि मी त्यांच्या मागे. म्हणून अंगणात तीन रंगांचे पट्टे दिसावेत : आजचे हिरवट, मधले पिवळसर, आणि चुलवाणाच्या तोंडाशी रचलेले पांढरट. तीन पट्टे पाहिले की जाणणाऱ्याला एका नजरेत कळते की हे गुऱ्हाळ रोज चालू आहे.

मालगाडीप्रेमी

मी माझे मत बदलले आहे. मिरजकरांच्या मालधक्क्यावर जेवढी वाघिणींची हलवाहलव होईल, तेवढी गुऱ्हाळाच्या एकट्या साइडिंगवर झालीच नसती. फक्त एक सुचवतो, धक्क्याच्या लाइनला दोन्ही टोकांनी सांधा द्यावा. एका टोकाला लाइन बंद असेल तर मिरजेकडून आलेल्या गाडीचे इंजिन वाघिणी ओढत आत नेऊन तिथेच अडकेल.

पुण्याला जाणे झाले तर कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पुन्हा एकदा पाहून यावे. गाड्यांपेक्षा त्यांच्या आजूबाजूच्या वस्तीवर त्यांनी किती श्रम घेतले आहेत, तेही पाहण्यासारखे आहे.

करवीरकर

सर्वांचे आभार. दोन महिन्यांनी परत लिहितो आहे, कारण आधी काम पुरे करून मगच सांगायचे ठरवले होते.

मालधक्का झाला, दोन्ही टोकांना सांधा दिला. गुऱ्हाळाच्या दारातून काढलेला सांधाच एका टोकाला कामी आला. चारचाकी वाघिणी तीन लागतात. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास त्या हलवतो. मुलीने वाघिणींच्या क्रमांकांची चिठ्ठ्यांची वही केली आहे. कोणती रिकामी आली, कोणती भरली, हे ती लिहिते आणि मी तिच्या सांगण्याप्रमाणे इंजिन चालवतो.

ऊस कागदी कारागिरांनी सांगितला तसाच केला. बाहेरच्या दोन ओळींना अकरा दिवस लागले. पाने नखावर वाकवल्याबरोबर फड उसाचा दिसू लागला; एवढ्याशा कृतीने एवढा फरक पडेल, असे मला वाटले नव्हते. चिपाडांसाठी सुतळी उसवून चार-चार मिमीचे तुकडे केले आणि ते तीन वाटग्यांत वेगवेगळे रंगवले. शिरोळकर, आपल्या आई आणि काकूंच्या आठवणीने मधल्या पट्ट्यावर लुगड्यातल्या दोन बायका वाकलेल्या ठेवल्या आहेत आणि त्यांच्या मागे एक लहान मुलगा आहे.

वाफाही काहिलीला लागून केला. आता राहिले होते रवे. तीस किलोचा रवा साधारण फूटभर उंच आणि तेवढाच रुंद, म्हणजे साडेतीन मिमी. फळांच्या रसाच्या छोट्या खोक्याबरोबर मिळणारी नळी घेतली, तिच्यात एम-सील ठासून भरले, अर्धवट सुकल्यावर बाहेर ढकलून ब्लेडने तुकडे केले आणि पिवळ्या-तांबूस रंगाचे दोन हात दिले. पन्नासएक रवे झाले. त्यातले निवडून बरोबर चोवीस बैलगाडीत रचले, खाली आठ, मधे आठ, वर आठ, आणि वर गोणपाटाच्या रंगाचा कागद अर्धवट झाकला, म्हणजे मोजणाऱ्याला मोजता येतील.

गाडी फाटकाशी उभी केली आहे. फाटक लागलेले आहे, बैल मान खाली घालून थांबले आहेत, आणि गाडीवान जोखडावर हात ठेवून मिरजेहून येणाऱ्या रिकाम्या वाघिणींकडे पाहतो आहे. छायाचित्रे रविवारी दिवसाच्या उजेडात काढून इथेच टाकतो.

शिरोळकर

छायाचित्रांची वाट पाहतो आहे. त्या लहान मुलाच्या हातात उसाचे एक कांडे द्यावे.